मेंदूतली गाठ ओळखायला मशीनला शिकवताना: इंदुरातल्या नवशिक्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला 'ब्रेन ट्यूमर डिटेक्शन' हा प्रोजेक्ट घेणारी मुलं इंदुरात दर वर्षी भेटतात. रामबागेतली, सुदामानगरातली, तिलकनगरातली. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि फाइलीत इंग्रजी. बहुतेकांची वाट ठरलेली असते. नेटवरून चित्रांचा संच उतरवायचा, कुणाचा तरी तयार कोड चालवायचा आणि ९९ टक्के अचूकता छापलेला रिपोर्ट बाइंड करून द्यायचा. आकडा बरोबर मोजलेला असतो, फक्त तो गाठ ओळखण्याचा नसतो. मग तो कशाचा असतो, हे समजून घेत काम कसं करायचं ते इथे सांगतो. थोडंफार पायथॉन येतं, एवढं धरून चाललो आहे.

महागडा लॅपटॉप लागत नाही. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्ये पायथॉन चालवायची गूगलची सोय) फुकटात जीपीयू, म्हणजे अशा आकडेमोडीला लागणारी वेगवान चिप, मिळतो आणि या कामाला तो पुरतो. फक्त सेशन तुटलं की तिथल्या फाइली जातात, म्हणून शिकवलेलं मॉडेल दर फेरीनंतर ड्राइव्हवर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पहिली पायरी: मशीनला नेमकं काय विचारायचं ते ठरवा

एमआरआयपुढे तीन वेगळे प्रश्न ठेवता येतात. गाठ आहे की नाही? असली तर कोणत्या प्रकारची? आणि ती कुठून कुठवर पसरली आहे? पहिला शोधण्याचा, दुसरा वर्गीकरणाचा, तिसरा सीमा आखण्याचा, म्हणजे सेगमेंटेशनचा. प्रत्येकाला लागणारी चित्रं वेगळी आणि मोजमापही वेगळं. मुखपृष्ठावर 'डिटेक्शन' आणि आत वर्गीकरण असं निम्म्याहून जास्त प्रोजेक्टांत दिसतं. परीक्षक कधी विचारतात, कधी नाही. तुम्ही मात्र स्वतःला विचारा, आणि उत्तर एका वाक्यात वहीत लिहून ठेवा.

दुसरी पायरी: संच निवडा

सुरुवातीला मी फिगशेअर या संशोधनाचा डेटा ठेवायच्या साइटवरचा ३०६४ चित्रांचा संच सुचवतो. चीनमधल्या दोन रुग्णालयांत २००५ ते २०१० या काळात जमवलेली २३३ रुग्णांची ही चित्रं आहेत, सगळी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, काही भाग उजळवणारं औषध) देऊन काढलेल्या टी-१ या एमआरआय प्रकारची. त्यात मेनिंजिओमाच्या (मेंदूच्या आवरणांतली गाठ) ७०८, ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधारपेशींची गाठ) १४२६ आणि पिट्युटरी ट्यूमरच्या (पिट्युटरी ग्रंथीची गाठ) ९३० स्लाइस, म्हणजे डोक्याच्या एकेका कापाची चित्रं, आहेत. प्रत्येक चित्रासोबत रुग्णाचा सांकेतिक क्रमांक आणि गाठीची हाताने आखलेली सीमा दिलेली आहे. संच लहान आहे, जुना आहे. पण तो रुग्णाचा क्रमांक देतो, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्याला वरचा नंबर देतो.

कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवर ७०२३ चित्रांचा चार वर्गांचा एक संच फार चालतो. त्यात 'गाठ नाही' हा वर्गही असल्यामुळे मुलं तिकडे धावतात. पण तो तीन जुने संच एकत्र करून बनवलेला आहे, वरचा फिगशेअरचा संचही त्यात आहे. रुग्णांचे क्रमांक गेले आहेत आणि निरोगी मेंदूची चित्रं वेगळ्याच ठिकाणाहून आली आहेत. म्हणजे चित्राचा उजेड, कडेची काळी जागा, आकारमान यांवरूनच मशीनला कळू शकतं की हे त्या दुसऱ्या संचातलं, म्हणजे निरोगी. गाठीकडे बघायची त्याला गरजच उरत नाही. कोड लिहायचा सराव म्हणून हा संच ठीक आहे, निष्कर्ष काढायला नको.

हात बसला की ब्रॅट्स या मेंदूतल्या गाठी आखण्याच्या स्पर्धेच्या संचाकडे वळा. ही स्पर्धा २०१२ पासून चालते. तिथे प्रत्येक रुग्णाचे चार प्रकारचे एमआरआय मिळतात: टी-१, कॉन्ट्रास्टसह टी-१, टी-२ आणि फ्लेअर. कवटी काढून टाकलेली, चारही एकमेकांवर नीट बसवलेले, २४० बाय २४० च्या १५५ स्लाइस. फ्लेअरमध्ये गाठीभोवतीची सूज उठून दिसते, तर कॉन्ट्रास्टच्या चित्रात गाठीचा जिवंत, गळक्या रक्तवाहिन्यांचा भाग चमकतो. पण हा घनाकृती डेटा आहे आणि नवख्याची गाडी मेमरीपाशी अडते. म्हणून आधी सपाट स्लाइसवर काम करा.

तिसरी पायरी: फाइल उघडा आणि डोळ्यांनी बघा

फिगशेअरचा संच चार झिप फाइलींत येतो. त्या सोडवल्या की १ ते ३०६४ अशा क्रमांकांच्या मॅटलॅब फाइली मिळतात. त्या मॅटलॅबच्या नव्या धाटणीच्या आहेत, त्यामुळे पायथॉनच्या सायपाय लायब्ररीचा नेहमीचा वाचक त्यांच्यापुढे हात टेकतो. एचफाइव्हपाय ही लायब्ररी वापरा. आत पाच गोष्टी दिसतील: लेबल, पीआयडी (रुग्णाचा क्रमांक), इमेज, ट्यूमरबॉर्डर आणि ट्यूमरमास्क (कोणते पिक्सेल गाठीचे ते दाखवणारं चित्र). लेबल १ म्हणजे मेनिंजिओमा, २ ग्लायोमा, ३ पिट्युटरी. पायटॉर्च या मॉडेल शिकवायच्या लायब्ररीला वर्ग शून्यापासून हवे असतात, तेव्हा एक वजा करायला विसरू नका.

पीआयडी वाचला की अक्षरांऐवजी आकड्यांची रांग समोर येते. ते त्या अक्षरांचे संकेतांक आहेत. एकेकाचं अक्षर करून जोडलं की रुग्णाचा क्रमांक मिळतो. चित्र दाखवलं तर ते आडवं पडलेलं दिसेल. घाबरू नका, मॅटलॅब आणि पायथॉन रांगा-स्तंभ उलट क्रमाने ठेवतात म्हणून तसं होतं. ट्रान्सपोज केलं की डोकं सरळ होतं. मास्कही त्याच वेळी फिरवा, नाहीतर गाठ एकीकडे आणि आखलेली सीमा भलतीकडे.

बहुतेक चित्रं ५१२ बाय ५१२ ची आहेत, मोजकी २५६ ची. एक पिक्सेल म्हणजे ०.४९ मिलिमीटर. स्लाइसची जाडी ६ मिलिमीटर आणि दोन स्लाइसमधली फट १ मिलिमीटर. हा शेवटचा तपशील पुढच्या पायरीत कामाला येणार आहे.

आता कोड बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रकारची पन्नासेक चित्रं मास्कसकट नुसती बघत बसा. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. चित्रं तीन दिशांनी कापलेली आहेत: वरून, समोरून आणि बाजूने. पिट्युटरीची गाठ जवळजवळ दर वेळी त्याच एका जागी, मेंदूच्या तळाशी मध्यभागी असते. मेनिंजिओमा आवरणांपासून उगवतो, म्हणून बहुधा कडेला चिकटलेला आणि एकसारखा चमकणारा दिसतो. ग्लायोमा वेडावाकडा, मधेच काळा, भोवती सूज. हे पाहिलेलं असलं की पुढे मॉडेल कुठे चुकतंय याचा अंदाज तुम्हालाच येऊ लागतो.

एमआरआयच्या आकड्यांना एकक नसतं, हेही इथेच कळेल. सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १०००, हे कुठल्याही मशीनवर ठरलेलं असतं. एमआरआयमध्ये तोच मेंदू एका मशीनवर ८०० आणि दुसऱ्यावर २५०० दाखवू शकतो. म्हणून प्रत्येक चित्र स्वतःपुरतं एका मापात आणा: सगळ्यांत उजळ एक टक्का पिक्सेल छाटा, मग सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने (स्टँडर्ड डेव्हिएशन) भागा.

चौथी पायरी: वाटणी रुग्णांची करा, स्लाइसची नाही

सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

३०६४ स्लाइस आणि २३३ रुग्ण, म्हणजे एका रुग्णाच्या सरासरी तेरा स्लाइस. सगळीकडे शिकवतात तशी तुम्ही चित्रं पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला काढलीत, तर काय होतं? एखाद्या रुग्णाच्या तेराच्या तेरा स्लाइस तपासणीच्या गठ्ठ्यात जाण्याची शक्यता ०.२ चा तेरावा घात, म्हणजे अब्जात एकाहूनही कमी. पाचच स्लाइस असलेला रुग्ण घेतला, तरी ती दहा हजारांत तीनच्या आसपास. सरळ अर्थ असा, की तपासणीतल्या जवळपास प्रत्येक चित्राची भावंडं मशीनने शिकताना पाहिलेली आहेत. एकाच दिशेने कापलेल्या शेजारच्या दोन स्लाइसमध्ये अंतर ७ मिलिमीटर. तीच कवटी, तेच डोळे, तीच गाठ, तीच मशीन. हा पेपर फुटण्याचा प्रकार आहे, आणि व्यापमं (भरती-प्रवेश परीक्षांचा घोटाळा) पाहिलेल्या मध्य प्रदेशात तो याहून जास्त समजवायची गरज नसावी.

उपाय अवघड नाही. आधी रुग्णांची यादी करा, ती यादी वाटा, आणि रुग्णामागोमाग त्याच्या सगळ्या स्लाइस जाऊ द्या. सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीत यासाठी गट न फोडता संचाचे भाग पाडणारं ग्रुप-के-फोल्ड आहे. वर्गांचं प्रमाणही राखायचं असेल तर स्ट्रॅटिफाइड-ग्रुप-के-फोल्ड वापरा. गट म्हणून पीआयडी द्यायचा. खरं तर संच बनवणाऱ्यांनी पाच भागांची तयार वाटणी सोबत दिलेलीच आहे. ती वापरलीत तर तुमचा आकडा इतरांच्या आकड्याशी ताडून बघता येतो. एका भागात साधारण ४६-४७ रुग्ण येतात. शिकवणं कधी थांबवायचं हे ठरवायला लागणारे रुग्ण शिकवण्याच्या गठ्ठ्यातूनच वेगळे काढा. तपासणीच्या गठ्ठ्याला अगदी शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

वाटणी झाली की एक ओळ लिहाच: दोन्ही गठ्ठ्यांतल्या पीआयडींचा छेद काढा आणि तो रिकामा नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. दोन्ही प्रकारच्या वाटण्या करून आकडे शेजारी शेजारी मांडले, तर तो प्रोजेक्टमधला सगळ्यांत वाचनीय तक्ता होईल. रुग्णवार वाटणीचा आकडा खाली येईल. येऊ द्या, तोच दाखवा.

पाचवी पायरी: मॉडेल

इथे फार वेळ घालवू नका. रेझनेट-१८ हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क घ्या, इमेजनेट या लाखो साध्या फोटोंच्या संचावर आधीच शिकलेलं. शेवटचा थर काढून तीन उत्तरांचा बसवा. चित्र २२४ बाय २२४ करा आणि एकच रंगछटा तीनदा द्या, कारण मॉडेलला तीन रंगांची सवय आहे. शिकण्याचा वेग ०.०००१, एका वेळी ३२ चित्रं. राखून ठेवलेल्या रुग्णांवरची चूक कमी व्हायची थांबली, की थांबा.

चित्रं थोडी फिरवून, दहा अंशांपर्यंत कलती करून संख्या वाढवता येते. मेंदूत डावं-उजवं उलटवलं तर फारसं बिघडत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये असं करू नका, हृदय उजवीकडे जातं.

आपण किती पाण्यात आहोत हे कळायला एक तळरेघ हवी. डोळे मिटून प्रत्येक चित्राला 'ग्लायोमा' म्हटलं, तरी ४६.५ टक्के उत्तरं बरोबर येतात. तुमचा आकडा त्याच्या वर किती, ते मोजा. शिवाय तीन वर्गांचे आकडे वेगवेगळे द्या. पिट्युटरी जागेवरूनच ओळखू येतो, त्यामुळे तो आकडा छान असतो; मेनिंजिओमाचा सहसा सगळ्यांत खाली. एकच सरासरी दिली तर ते झाकलं जातं.

सहावी पायरी: सीमा आखायला शिकवा

संचात मास्क आहेत, मग ते वापरायचे कसे सोडायचे? यू-नेट ही रचना २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात झाली, आणि वैद्यकीय चित्रांत आजही सुरुवात तिथूनच होते. चित्र टप्प्याटप्प्याने लहान करत अर्थ गोळा करायचा, मग पुन्हा मोठं करत नेमकी जागा भरायची, आणि दोन्ही बाजूंच्या सारख्या पायऱ्या एकमेकींना जोडून ठेवायच्या. मोनाय या लायब्ररीत ती तयार मिळते. हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राचं एनएन-यूनेट तर बरीचशी जुळवाजुळव स्वतःच करतं. आपलं मॉडेल त्याच्यापेक्षा सरस आहे असं म्हणण्याआधी ते त्याच वाटणीवर चालवून बघा.

इथे 'अचूकता' हा शब्द कपाटात ठेवा. ५१२ बाय ५१२ म्हणजे २,६२,१४४ पिक्सेल. गाठ ४००० पिक्सेलची धरा. प्रत्यक्षात साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद. मशीनने 'कुठेच काही नाही' असं कोरं चित्र दिलं, तरी ९८ टक्क्यांहून जास्त पिक्सेल बरोबर! म्हणून डाइस गुणांक मोजतात: दोन्ही आखण्यांच्या सामाईक भागाची दुप्पट भागिले दोघांची बेरीज. डॉक्टरांनी ४००० पिक्सेल आखले, मशीनने ३६००, आणि सामाईक ३२०० निघाले, तर ६४०० भागिले ७६००, म्हणजे ०.८४. कोऱ्या चित्राचा डाइस शून्य. शिकवतानाही चूक मोजायला डाइस आणि क्रॉस-एन्ट्रॉपी (पिक्सेलनिहाय चूक मोजायची नेहमीची रीत) मिळून वापरा, नाहीतर मॉडेल कोरं चित्र देण्यातच समाधान मानतं.

सातवी पायरी: मशीन बघतंय कुठे, ते तपासा

ग्रॅड-कॅम नावाची पद्धत, मॉडेलने निर्णय घेताना चित्राच्या कोणत्या भागावर भर दिला, ते रंगाने दाखवते. आपल्याकडे मास्क आहेत, त्यामुळे तो रंग गाठीवर पडतो की कवटीच्या कडेवर, हे ताडून बघता येतं. २०१८ साली अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवर न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलांचा एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे, हे मॉडेल जवळजवळ बिनचूक ओळखत होतं. जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, त्या रुग्णालयाची खूण ओळखली की अर्धं काम झालं. घरच्या चित्रांवर हुशार असलेलं मॉडेल बाहेरच्या चित्रांवर त्यामुळेच ढेपाळलं.

आठवी पायरी: इथली चित्रं, आणि इथले आजार

यानंतर मुलांना वाटतं, आता एखाद्या खऱ्या रुग्णाचा एमआरआय देऊन बघू. ओळखीतल्या कुणाची तरी फिल्म उजेडासमोर धरून मोबाइलवर फोटो काढायचा आणि मॉडेलला द्यायचा. यातून काही कळत नाही. फोटोत उजेडाची चमक, कडेची अक्षरं, तिरपेपणा. मूळ आकडे तर गेलेलेच. मूळ डेटा डायकॉम, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या प्रकारच्या, फाइलीत असतो आणि बरीच सेंटरं सीडीवर तो देतात. थ्री-डी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून बघता येतो.

पण अडचण फाइलीपेक्षा खोल आहे. आपल्या मॉडेलला तीनच खाने माहीत आहेत. निरोगी मेंदू दाखवला, तरी ते तिघांपैकी एक गाठ सांगणार, कारण 'नाही' म्हणायला ते शिकलेलंच नाही. त्यातून इंदुरात तपासणीला येणारा रुग्ण खरगोनचा, बडवानीचा, झाबुआचा असतो, आणि आपल्या देशात मेंदूतला क्षय आणि टेपवर्मच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे आजार नेहमी दिसतात. दोन्हींत कॉन्ट्रास्ट दिल्यावर कड्यासारखी चमक येऊ शकते, आणि काही ग्लायोमांतही तशीच येते. अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही तिथे जास्तीच्या तपासण्या लागतात. त्या चिनी संचात हे दोन आजार नाहीतच. त्यांचा इलाज मुख्यतः औषधं, ग्लायोमाचा ऑपरेशन. मशीन मात्र सगळ्यांना ठसक्यात 'ग्लायोमा, ९७ टक्के' सांगून मोकळं होईल. ते ९७ म्हणजे तीन खान्यांत विभागलेला भार आहे, निदानाची खात्री नव्हे. घरच्या किंवा शेजारच्या माणसाच्या रिपोर्टवर तुमच्या मॉडेलने मत देऊ नये. काकू कितीही आग्रह करोत.

शोधण्याचं मॉडेल कराल तेव्हा हा हिशेब करून बघा. २००० स्कॅन, त्यांत खरी गाठ २० जणांना. मॉडेल आजारी माणूस ९५ टक्के वेळा पकडतं आणि निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा सोडून देतं. म्हणजे २० पैकी १९ सापडले, झकास. पण १९८० निरोगी माणसांपैकी ९९ जणांच्या नावापुढेही गाठ लागली. एकूण ११८ इशाऱ्यांत खरे १९, सहांत एक. उरलेल्या ९९ घरांत त्या रात्री कोण जेवेल? म्हणून संवेदनशीलता (आजारी किती पकडले) आणि विशिष्टता (निरोगी किती सोडले) हे दोन आकडे पुरत नाहीत. कोणत्या गर्दीवर ते मोजले, तेही लिहा.

स्थानिक डेटा हवाच असेल तर रीतसर मार्ग धरा. मेडिकल कॉलेजातला एखादा रेडिओलॉजिस्ट मार्गदर्शक म्हणून मिळवा आणि त्यांच्या नावाने एथिक्स कमिटीकडे अर्ज करा. टेक्निशियनदादांना चहा पाजून पेनड्राइव्ह भरून आणणं हा मार्ग नव्हे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ साली आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. अर्जात नावं कशी काढणार ते सविस्तर लिहा: डायकॉमच्या शीर्षभागातलं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, चित्रावरच छापली गेलेली अक्षरं, आणि डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहरासुद्धा, कारण सगळ्या स्लाइस जोडल्या की चेहरा उभा करता येतो. पुढे कधी हे रुग्णांवर वापरायचं ठरलं, तर असं सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं. ते प्रोजेक्टचं काम नाही.

परवानगी मिळाली तर ती चित्रं शिकवायला लगेच वापरू नका. आधी नुसती तपासून बघा, मॉडेल किती घसरतं ते नोंदवा. आणि सीमा आखून घेणार असाल, तर दोन रेडिओलॉजिस्टांकडून स्वतंत्रपणे आखून घ्या, एकमेकांचं न बघता. मग त्या दोघांच्या आखण्यांमधला डाइस काढा. तो ०.८५ आला, तर मशीनकडून ०.९५ मागण्यात अर्थ नाही. आणि तुमच्या तक्त्यात तो आकडा मॉडेलच्या ओळीच्या वर, पहिल्या ओळीत असू द्या.